मोबाईलचं घड्याळ बरोबर आणि मायक्रोवेव्हचं चुकीचं, असं का? (उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा)

प्रश्न थोडक्यात असा आहे की भिंतीवरचं घड्याळ, मायक्रोवेव्हचं, गाडीच्या डॅशबोर्डवरचं आणि मोबाईलचं, चारही एकाच क्षणी मिळवून लावली तरी काही महिन्यांनी चौघांची तोंडं चार दिशांना असतात, बरोबर राहतो फक्त मोबाईल, तर मोबाईलमध्ये भारीतलं क्वार्ट्झ असतं का, की त्यात चक्क ॲटॉमिक घड्याळ (अणूंच्या तालावर चालणारं, अतिअचूक) बसवलेलं असतं? आणि याच्याच जोडीला नेहमी येणारं एक विधान, उन्हाळ्यात घड्याळ पुढे पळतं आणि थंडीत मागे पडतं. हे दुसरं तर चूकच आहे, त्यावर येतेच.

मी बॅटरीवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या डेटा लॉगर (रीडिंग वेळेसकट नोंदवत राहणारं उपकरण), मीटर टाइपच्या उपकरणांचं हार्डवेअर डिझाइन करते. त्यात रीडिंग बरोबर आणि वेळ चुकीची असेल तर त्या रीडिंगला काही अर्थच उरत नाही, त्यामुळे घड्याळाच्या क्रिस्टलवर (आतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर) माझं भरपूर डोकं खर्ची पडलेलं आहे.

पहिल्यांदा सरळ उत्तर. नाही, मोबाईलमध्ये ॲटॉमिक घड्याळ नसतं, आणि वेळ सांभाळणारं जे क्वार्ट्झ असतं ते भिंतीवरच्या घड्याळातल्या क्वार्ट्झचंच भावंड असतं. मोबाईल म्हणजे वर्गातला तो मुलगा, ज्याला स्वतःला विशेष काही येत नाही पण तो सारखा शेजारच्या हुशार मुलाच्या वहीत बघतो. भिंतीवरचं घड्याळ बिचारं पेपर एकट्याने सोडवतं.

आता क्वार्ट्झ म्हणजे नक्की काय होतं ते बघू. क्वार्ट्झच्या स्फटिकाला दाबलं की त्यावर विजेचा भार येतो आणि वीज लावली की तो किंचित वाकतो, हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८०-८१ मध्ये शोधला. त्याचा उपयोग करून पहिलं क्वार्ट्झ घड्याळ १९२७ मध्ये बेल लॅब्जमध्ये वॉरन मॅरिसनने बनवलं, ते अर्थात मनगटावर घालण्यासारखं नव्हतं, मनगटापर्यंत पोचायला १९६९ चा डिसेंबर उजाडला, तेव्हा सेकोचं ॲस्ट्रॉन आलं. त्यातला क्रिस्टल सेकंदाला ८१९२ वेळा कंप पावायचा आणि महिन्याला ५ सेकंद इतकीच चूक होईल असा दावा होता, जो त्या काळात भन्नाटच होता.

आज जवळपास सगळीकडे ३२७६८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३२७६८ वेळा कंप पावणारा क्रिस्टल असतो. हा आकडा विचित्र वाटतो पण तो २ चा १५ वा घात आहे. म्हणजे ३२७६८ ला पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला बरोबर १ ठोका मिळतो, आणि निम्मं करणारं सर्किट हे इलेक्ट्रॉनिक्समधलं सगळ्यात सोपं सर्किट. मग याहून कमी का नाही? तर फ्रीक्वेन्सी कमी केली की क्रिस्टल मोठा होत जातो आणि आवाजही ऐकू येण्याच्या पट्ट्यात येऊ शकतो. जास्त का नाही? तर वीज जास्त खातो. ३२७६८ वाला ऑसिलेटर (क्रिस्टलला कंप पावत ठेवणारं सर्किट) एका मायक्रोअँपियरपेक्षाही कमी करंटवर आरामात चालतो, म्हणूनच बटणाएवढा सेल वर्षानुवर्षं पुरतो. क्रिस्टल दिसायला छोटीशी चंदेरी नळी असते, आत व्हॅक्यूममध्ये दोन काट्यांचा ट्युनिंग फोर्क असतो, आणि त्या काट्यांच्या टोकांवर धातूचा थर देऊन तो लेझरने थोडा थोडा उडवत फ्रीक्वेन्सी मिळवतात. एवढं करूनही साध्या क्रिस्टलवर २० पीपीएम इकडेतिकडे अशी सहनमर्यादा लिहिलेली असते.

पीपीएम म्हणजे दहा लाखात एक, आणि हाच आकडा इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. दिवसाचे सेकंद ८६४००, त्यामुळे २० पीपीएम म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला ५० च्या वर, वर्षाला साधारण साडेदहा मिनिटं. ऐकायला किती बारीक वाटतं, ०.००२ टक्के! किचनमधला वजनकाटा एवढा अचूक असता तर आपण त्याला ओवाळलं असतं. पण घड्याळाची चूक साचत जाते, रोजची रोजच्यावर चढते, ती आपोआप शून्यावर कधीच येत नाही, म्हणून भिंतीवरचं घड्याळ "बिघडलं" असं वाटतं, खरं तर ते दिलेल्या शब्दाला जागत असतं.

आता तापमान. घड्याळातल्या या क्रिस्टलची फ्रीक्वेन्सी आणि तापमान यांचा आलेख सरळ रेषेत नसतो, तो उलट्या वाटीसारखा पॅराबोला असतो. शिखर साधारण २५ अंशाला. तिथून तुम्ही गरमकडे जा की थंडकडे, फ्रीक्वेन्सी खालीच येते, म्हणजे दोन्ही वेळा घड्याळ मागेच पडतं. गणित असं की २५ पासून जितके अंश दूर असाल त्याचा वर्ग करायचा आणि ०.०३४ ने गुणायचं, तेवढे पीपीएम मागे. ५ अंशाला आणि ४५ अंशाला दोन्हीकडे फरक २०, वर्ग ४००, म्हणजे १३.६ पीपीएम, दिवसाला जवळपास १.२ सेकंद मागे. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांवर गेला तर तेवढा वेळ ते घड्याळ ४२ पीपीएमच्या आसपास हळू चालतं, आणि कडक थंडीच्या रात्रीही हळूच, म्हणजे बिचाऱ्याला दोन्हीकडून मार. उन्हाळ्यात पुढे पळतं हे विधान त्यामुळे टिकत नाही. लंबकाच्या घड्याळातसुद्धा उष्णतेने दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडतं, तेव्हा ही समजूत आली कुठून देव जाणे.

तुमचं क्वार्ट्झ घड्याळ पुढे जात असेल तर तापमानाला शिव्या देऊ नका, तो क्रिस्टल मुळातच थोडा वेगवान आहे किंवा त्याच्या भोवतीच्या कपॅसिटरचा (विजेचा भार साठवणाऱ्या छोट्या भागाचा) घोळ आहे. हा कपॅसिटरचा घोळ नवीन इंजिनियर लोक हमखास करतात म्हणून सांगते. प्रत्येक क्रिस्टल अमुक एका लोड कपॅसिटन्सला (भोवतीच्या एकूण भार साठवण्याच्या क्षमतेला) ट्यून केलेला असतो, कुणाला १२.५ पिकोफॅरड (या क्षमतेचं माप) लागतात, कुणाला ६ किंवा ७. चिप आणि बोर्ड मिळून त्याला त्याहून कमी देत असतील तर घड्याळ पुढे पळतं, जास्त देत असतील तर रेंगाळतं, आणि हा फरक काही वेळा दहाच्या काही पट पीपीएम होतो, म्हणजे क्रिस्टलच्या स्वतःच्या चुकीपेक्षाही मोठा. त्यात माणसं ऑसिलोस्कोपचा (विजेचे तरंग दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब थेट क्रिस्टलच्या पायाला लावून फ्रीक्वेन्सी मोजायला जातात, प्रोबचेच दहाएक पिकोफॅरड त्यात घुसतात आणि जे मोजताय तेच बदलून जातं, कधी ऑसिलेटर चक्क थांबतो. चिपमध्ये बहुतेकदा १ हर्ट्झ किंवा ३२ किलोहर्ट्झ बाहेर काढायची सोय असते, तिथे फ्रीक्वेन्सी काउंटर लावा. आणि बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स (सोल्डर नीट बसावं म्हणून वापरतात तो पदार्थ) राहिला असेल तर दमट हवेत त्यातून गळती होते आणि मग "पावसाळ्यात घड्याळ बंद पडतं" अशी गूढ तक्रार येते. आधी बोर्ड धुवा.

मनगटावरच्या घड्याळाची एक मजा आहे. ते हातात असताना शरीराच्या उबेमुळे ३० अंशांच्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहतं, म्हणून रोज वापरलेलं घड्याळ गारठलेल्या खोलीत पडून राहिलेल्या घड्याळापेक्षा वेळ नीट पाळतं. शिवाय बऱ्याच घड्याळांत क्रिस्टल मुद्दाम किंचित वेगवान ठेवतात आणि चिप ठरावीक काळाने काही कंप मोजायचेच टाळते, किती टाळायचे ते कारखान्यात मोजून चिपमध्ये लिहून ठेवलेलं असतं. अगदी टोकाचं उदाहरण हवं असेल तर सिटिझनने २०१९ मध्ये वर्षाला १ सेकंद एवढीच चूक करणारं मनगटी घड्याळ आणलं, पण त्यात ३२७६८ वाला फोर्क नाही, ८३ लाख हर्ट्झच्या वरचा वेगळ्या कापाचा क्रिस्टल आहे आणि तापमान मोजून दुरुस्ती चालू असते.

भिंतीवरच्या घड्याळाबद्दल अजून एक, सेल उतरला की घड्याळ "हळू चालतं" असं सगळे म्हणतात. क्रिस्टल तसा हळू होत नाही, तो शेवटपर्यंत जवळपास त्याच तालात असतो. दमते ती मोटर. दर सेकंदाला काटा एक पाऊल ढकलायला ताकद पुरत नाही, काही पावलं चुकतात, आणि म्हणून वेळ मागे जाते. सेकंद काटा नऊच्या आसपास जागच्या जागी फडफडताना पाहिला असेल, तिथेच का, तर तिथे काटा आडवा असतो आणि त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर उचलायचा असतो, सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो. तीनच्या बाजूला तो आपोआप खाली येत असतो, तिथे अडत नाही.

आता मायक्रोवेव्ह, जो मला या सगळ्यात सर्वात आवडतो, कारण बऱ्याच मायक्रोवेव्ह, ओव्हन आणि प्लगवाल्या अलार्म घड्याळांत वेळेसाठी क्वार्ट्झ वापरतच नाहीत! भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज सेकंदाला ५० (काही देशांत ६०) वेळा उलटसुलट होण्याचं पूर्ण आवर्तन करते, ती आवर्तनं मोजायची, ५० झाली की १ सेकंद, संपला विषय. फुकटात वेळ. १९१६ मध्ये हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन माणसाने विजेवर चालणारं असं घड्याळ आणलं, आणि त्याला लगेच कळलं की वीजकंपनीची फ्रीक्वेन्सीच धड नाहीये, म्हणून त्याने वीजकेंद्रासाठी एक मास्टर घड्याळ बनवलं ज्यावर एक काटा लंबकाचा आणि एक विजेचा, दोन्ही जुळत राहतील अशा बेताने जनरेटर चालवायचे. म्हणजे लोकांच्या घरातलं घड्याळ बरोबर राहावं यासाठी अख्खं वीजकेंद्र ट्यून होऊ लागलं.

पण ग्रिडची फ्रीक्वेन्सी ही जिवंत गोष्ट आहे. लोड वाढला आणि वीज कमी पडली की जनरेटर किंचित मंदावतात, फ्रीक्वेन्सी ५० च्या खाली येते, लोड उतरला की वर जाते. थोडं मागे थोडं पुढे होत सरासरी सांभाळली तर मायक्रोवेव्ह वर्षभर ठीक चालतो, बऱ्याच ग्रिडमध्ये साचलेली चूक भरून काढायला फ्रीक्वेन्सी मुद्दाम किंचित कमीजास्त ठेवतात. ती सांभाळली नाही तर काय होतं हे २०१८ मध्ये युरोपात दिसलं. सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या भांडणात ग्रिडमध्ये जेवढी वीज घालायला हवी होती तेवढी कुणी घालेना, जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सरासरी फ्रीक्वेन्सी ५० ऐवजी ४९.९९६ हर्ट्झ राहिली. फरक फक्त ८० पीपीएम. पण पोर्तुगालपासून पोलंड, तुर्कस्तानपर्यंत एकच जोडलेलं ग्रिड, त्यामुळे एवढ्या प्रचंड पट्ट्यात ओव्हनची आणि रेडिओ अलार्मची घड्याळं जवळपास ६ मिनिटं मागे पडली, आणि लोक कामाला उशिरा पोचायला लागले तेव्हा बातमी झाली. नंतर ग्रिड ५०.०१ हर्ट्झच्या आसपास चालवून तो बॅकलॉग काही आठवड्यांत भरून काढला. दोन देशांचं भांडण आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं घड्याळ मागे, यापेक्षा सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

तुमचं घड्याळ विजेवर मोजतंय का हे ओळखायचं असेल तर घरातली प्लगवाली दोन-तीन घड्याळं एकत्र मिळवा आणि महिन्याभराने बघा, सगळी एकाच बाजूला आणि तेवढीच चुकली असतील तर ग्रिड, प्रत्येक वेगळं चुकलं असेल तर आत क्रिस्टल आहे. जनरेटरवर घर चालत असेल तर गंमत अजून वाढते, ५१.५ हर्ट्झवर चालणारा जनरेटर म्हणजे तासाला जवळपास २ मिनिटं पुढे. आणि लाइनवर डिमर किंवा एखाद्या मशीनचा कचरा असेल तर सर्किट त्या स्पाइकनाही आवर्तन समजून मोजतं आणि घड्याळ सुसाट पुढे जातं.

आता हुशार शेजाऱ्याकडे वळू. मोबाईलला वेळ तीन ठिकाणांहून मिळू शकते, मोबाईल नेटवर्क, इंटरनेट आणि जीपीएस. इंटरनेटवरची पद्धत म्हणजे एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल), डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये आणलेली आणि अजूनही ठणठणीत. अडचण अशी की सर्व्हरने "आत्ता दहा वाजले" म्हटलं तरी ते तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात, किती गेले ते माहीत नाही. म्हणून चार वेळा नोंदवतात: फोनने विचारलं कधी, सर्व्हरला मिळालं कधी, त्याने उत्तर पाठवलं कधी, फोनला पोचलं कधी. चार आकड्यांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ बाजूला काढता येतो, फक्त जाताना आणि येताना सारखाच वेळ लागला असं गृहीत धरावं लागतं. रस्ता एकेरी खराब असेल तर ती चूक पकडता येत नाही. तरीसुद्धा साध्या इंटरनेटवर सेकंदाच्या काही शतांशांइतकी अचूकता मिळते, माणसाला काय पाहिजे अजून.

यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे चांगला एनटीपी प्रोग्राम फक्त वेळ दुरुस्त करत नाही, आपला क्रिस्टल किती पीपीएमने चुकतो हेही शिकतो आणि मधल्या काळात ती भरपाई करत राहतो. आणि छोटी चूक असेल तर वेळ एकदम मागे खेचत नाही, घड्याळाचा वेग जास्तीत जास्त ५०० पीपीएमने कमीजास्त करतो, म्हणजे १ सेकंदाची चूक भरायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. कारण वेळ मागे गेली की सॉफ्टवेअर वेडं होतं, फाइल तयार होण्याआधीच सेव्ह झालेली दिसते, लॉगमध्ये उत्तर आधी आणि प्रश्न नंतर.

जीपीएसमध्ये मात्र खरीखुरी ॲटॉमिक घड्याळं आहेत, पण ती वर, उपग्रहांत, रुबिडियम आणि सीझियमची. तुमच्या खिशात फक्त ऐकणारा रिसीव्हर. प्रकाश १ नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे वेळेत १ मायक्रोसेकंद चुकला तर जागेत ३०० मीटर. फोनच्या स्वस्त क्रिस्टलकडून ही अपेक्षाच नाही, म्हणून रिसीव्हर स्वतःची वेळ "अज्ञात" धरतो आणि अक्षांश, रेखांश, उंची यांच्याबरोबर वेळही गणितातून काढतो, चार अज्ञात म्हणून किमान चार उपग्रह. आणि हो, सापेक्षता इथे पुस्तकात राहत नाही, गुरुत्वाकर्षण कमी असल्याने वरची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात, निव्वळ ३८ पुढे, आणि ते आधीच फ्रीक्वेन्सी किंचित कमी ठेवून भरून काढलेलं असतं.

विश्वास नसेल तर एक जुना फोन घ्या, सिम काढा, वायफाय बंद, फ्लाइट मोड, आपोआप वेळ घेण्याचं सेटिंगही बंद, आणि चार्जिंग देत महिनाभर तसाच ठेवा. काही सेकंद तरी इकडेतिकडे झालेले दिसतील. पूर्ण न्याय द्यायचा तर फोनमध्ये रेडिओसाठी तापमानाची भरपाई करणारा एक चांगला ऑसिलेटरही असतो, साधारण १-२ पीपीएमवाला, पण तो सतत चालू ठेवला तर बॅटरी खातो, म्हणून स्क्रीन बंद असताना वेळ सांभाळायचं काम बहुतेकदा तोच ३२७६८ वाला करतो.

शेवटी हातात काम असणाऱ्यांसाठी. लॅपटॉप किंवा पीसी प्रत्येक वेळी जुनीपुराणी तारीख दाखवत सुरू होत असेल आणि ब्राउझर सगळ्या साइटना असुरक्षित म्हणत असेल तर व्हायरस शोधू नका, मदरबोर्डवरचा बटण सेल गेलाय, बहुतेक पीसीत तो सीआर२०३२ असतो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असेल आणि दर वेळी वेळ बरोबर टाइमझोनच्या फरकाएवढी चुकत असेल तर क्रिस्टल निर्दोष आहे, एक सिस्टिम मदरबोर्डवर स्थानिक वेळ लिहिते आणि दुसरी जागतिक वेळ, लिनक्सला किंवा विंडोजला एकाला ताळ्यावर आणा. हॉबी प्रोजेक्टमध्ये घड्याळ लागणार असेल तर डीएस१३०७ या घड्याळाच्या चिपवर वेळ घालवू नका, थेट डीएस३२३१ घ्या, क्रिस्टल आणि तापमानाची भरपाई एकाच चिपमध्ये, ० ते ४० अंशांत २ पीपीएम, म्हणजे वर्षाला साधारण मिनिटभर. फक्त त्याच्या स्वस्त मॉड्यूलवर चार्जिंगचा डायोड आणि रेझिस्टर असतो, त्यात साधा सीआर२०३२ टाकलात तर न चार्ज होणाऱ्या सेलला ते चार्ज करत बसतं, सेल फुगतो, तो रेझिस्टर आधी उपटून टाका.

आणि गाडीचं. स्क्रीनवर नॅव्हिगेशन असेल तर सेटिंगमध्ये जीपीएसवरून वेळ घेण्याचा पर्याय बऱ्याचदा बंद पडलेला सापडतो, तो चालू करा. नसेल तर महिन्याला किती मागे पडतं ते एकदा मोजा आणि दर वेळी मिळवताना त्याच्या निम्म्याने पुढे लावा.